बाबांच्या ऑपरेशनला रडले नाही, आणि त्या पोस्टमनसाठी ट्रेनमध्ये रडते

या वेळचं पत्र ऐरोलीहून आलंय. बरंच मोठं होतं, थोडं कापून देते.

"ताई, प्रश्न वाचून कदाचित हसाल. मी ३२ वर्षांची, महापेला नोकरी, ऐरोलीहून ट्रेन आणि पुढे शेअर रिक्षा. सहा महिन्यांपूर्वी ऑफिसमधल्या एकाने जॉन प्राइन नावाच्या अमेरिकन गायकाचं गाणं पाठवलं. आधी पोस्टमन होता तो. स्वतः लिहायचा, स्वतः चाल लावायचा, गिटार घेऊन स्वतःच गायचा. मला वेडच लागलं. मग कळलं की तो २०२० मध्येच कोविडने गेलाय, म्हणजे मी ऐकायला लागले तेव्हा तो नव्हताच. त्या दिवशी कोपरखैरणे येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडत होते. अजूनही त्याचं काहीही लागलं की डोळे भरतात.

आता खरी गोष्ट. माझे बाबाही गाणी करायचे. कंपनीत फिटर होते, ठाणे-बेलापूर रोडला. पेटी वाजवतात, भजनी मंडळात होते, गाणी स्वतः लिहायचे, गणपतीची, वारीची, नाइट शिफ्टवर एक, माझ्या बारशाला एक. शेवटच्या ओळीत 'नाना म्हणे' असतंच. मागच्या वर्षी मानेत गाठ आली, कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, मग रेडिएशनची ३० सिटिंग. आता रिपोर्ट चांगले आहेत पण आवाज पार बदललाय, घोगरा, खालचा. फोनवर लोक 'कोण बोलतंय' विचारतात. पेटी कपाटावर गेली ती गेलीच, बोलणंही कमी केलंय. या सगळ्यात मी एकदाही रडले नाही. आई म्हणते इंग्रजी गाणी ऐकून रडतेस आणि बापाशी दोन शब्द बोलत नाहीस. मी आतून कोरडी झालेय का? बाबांना गायला सांगू का, की त्यांना त्रास होईल? त्यांची १९९८ च्या गणपतीतली कॅसेट माझ्याकडे आहे, ती लावायची हिंमत होत नाही. आणि रात्री ते खोकले की मी दचकून उठते."

अगं, हसले नाही. उलट तुझं पत्र वाचून मी दोन रात्री तुझ्या त्या पोस्टमनला ऐकत बसले, भाच्याकडून शब्द छापून घेतले कारण माझं इंग्रजी बँकेच्या फॉर्मपुरतं, आणि खोटं कशाला बोलू, पहिल्या रात्री मला त्याची तीन गाणी एकसारखीच वाटली. चाली साध्या, गिटार टुकटुक आपली एका लयीत, आवाज नाकातला. नवऱ्याने विचारलं हे काय लावलंयस, कोणी तक्रार करतंय असं वाटतंय. दुसऱ्या रात्री शब्द समोर ठेवून ऐकलं तेव्हा समजलं तू का अडकलीस ते. पण त्याच्याकडे नंतर येते, आधी तुझं रडणं.

कोरडी वगैरे काही झालेली नाहीस. बाबांच्या वेळी तुला रडायला वेळ होता का ते सांग मला. मेडिक्लेमचे कागद कोणी केले, रिपोर्टची फाइल कोणाच्या हातात होती, आईचा बीपी कोण बघत होतं, ३० वेळा बाबांना घेऊन जाणं आणि परत आणणं आणि मध्ये लॅपटॉप उघडून ऑफिसला 'हो सर' म्हणणं कोणी केलं? पत्रात तू यातलं काही लिहिलेलं नाहीस पण मला दिसतंय सगळं, कारण घरात एक माणूस असं असतंच जे रांगेत उभं राहतं. रांगेत उभं असताना कोण रडतं? तिथे लक्ष टोकन नंबरवर असतं.

माझंच सांगते. माझा धाकटा भाऊ कळव्याला राहायचा, दुसऱ्या लाटेत गेला, मे २०२१. मी रडले नाही. बेड शोधण्यात आणि ऑक्सिजनसाठी फोन करण्यात आठ दिवस गेले, मग ते झालं, मग वहिनीकडे बघायचं होतं, मग दाखले, खाती, विम्याचे पैसे. लोक म्हणायचे बाई धीराची. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. आणि चार महिन्यांनी आमच्या वॉचमनचा कुत्रा मेला, मोत्या, ज्याला मी आयुष्यात एक बिस्किट घातलं नव्हतं, त्याच्यासाठी मी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसून असं रडले की वरचे जोशी धावत खाली आले, कोण गेलं कोण गेलं. काय सांगू त्यांना, मोत्या गेला?

तुझा पोस्टमन म्हणजे माझा मोत्या आहे. राग मानू नकोस, बिचारा फार मोठा माणूस होता, पण काम तेच करतोय. त्याच्यासाठी रडलं की कोणाला उत्तर द्यावं लागत नाही, आई घाबरत नाही, बाबांना आपण ओझं झालो असं वाटत नाही. ट्रेनमध्ये तुला कोणी ओळखतही नाही. रडू दे की. ऐरोली ते कोपरखैरणे तीन स्टेशनं, तेवढा तरी वेळ तुझा तुला मिळायला हवा.

आता त्याच्याकडे येते, कारण मला वाटतं तू त्याच्या मरणावरच थांबलीयस आणि मधलं काही बघितलंच नाहीयेस. मलाही हे सगळं नवीनच, भाच्याने सांगितलं आणि बाकी शोधून वाचलं.

हा माणूस १९४६ चा, शिकागोजवळच्या मेवूडचा. टपाल वाटता वाटता डोक्यात गाणी करायचा. शिकागोच्या एका छोट्या क्लबात गायला लागला. तिथली एक गोष्ट सांगतात, रॉजर ईबर्ट नावाचा सिनेमाचा समीक्षक एक दिवस थिएटरमध्ये पॉपकॉर्न फार खारट लागले म्हणून उठून बिअर प्यायला बाहेर पडला, त्या क्लबात शिरला, समोर हा गात होता, आणि ईबर्टने सिनेमाऐवजी त्याच्यावरच लिहिलं. १९७० ची गोष्ट. म्हणजे बघ, पॉपकॉर्न बेताचे खारट असते तर काय झालं असतं. १९७१ मध्ये पहिली रेकॉर्ड आली, त्यात 'हॅलो इन देअर' आहे, तुझं आवडतं असणारच. म्हातारं जोडपं, मुलं लांब पांगलेली, एक लढाईत गेलेला, घरात दोघं आणि शांतता. हे लिहिणारा पोरगा विशीतला! लहानपणी वृद्धाश्रमात पेपर टाकायला जायचा तेव्हा तिथली काही म्हातारी माणसं, इतरांसमोर, हा आपला नातू किंवा भाचा आलाय असं दाखवायची. ते त्याच्या मनात राहून गेलं होतं.

त्याचा एक दोस्त होता, स्टीव्ह गुडमन, तोही लिहायचा आणि गायचा. त्यानेच क्रिस क्रिस्टोफरसन या तेव्हाच्या नावाजलेल्या गायकाला ओढून आणून ह्याचं गाणं ऐकवलं आणि ह्याचं नशीब उघडलं. त्या गुडमनला विशीतच ब्लड कॅन्सर निघालेला, पुढचं सगळं आयुष्य तो ते घेऊन गायला. बेसबॉलच्या शिकागो कब्स टीमचा तो वेडा फॅन, आणि ती टीम म्हणजे कायमची हरणारी. त्यावर त्याने गाणंही केलं, मरायला टेकलेला कब्सचा फॅन शेवटची इच्छा सांगतोय असं, विनोदी. सप्टेंबर १९८४ मध्ये गुडमन गेला, ३६ वर्षांचा, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी कब्सने आपल्या डिव्हिजनचं, म्हणजे गटाचं, टायटल नक्की केलं. चार दिवस गं! मी हे वाचून हसले आणि मग पंखा बंद करून बसून राहिले थोडा वेळ, का ते माहीत नाही.

पण तुझ्यासाठी महत्त्वाचं पुढे आहे. तुझी ती कॅसेट ज्या वर्षीची, त्याच वर्षी, १९९८ ला, प्राइनच्या मानेत कॅन्सर निघाला. मानेत, तुझ्या बाबांसारखाच. ऑपरेशनमध्ये मानेचा तुकडा काढावा लागला, जिभेच्या नसांना इजा झाली, रेडिएशनने लाळेच्या काही ग्रंथी खराब झाल्या. एक वर्ष सावरण्यात आणि बोलायला शिकण्यात गेलं. आवाज खाली आला, खरखरीत झाला. आणि मग त्याने काय केलं, तर २००० मध्ये आपली जुनीच गाणी परत नव्याने रेकॉर्ड केली, त्या फाटक्या आवाजात. पट्टी खाली उतरवली. त्याला स्वतःचा जुना आवाज कधी आवडलाच नव्हता म्हणे, नवीन आवाज जास्त बरा वाटतो असं तो मुलाखतींमध्ये सांगायचा, आणि पट्टी बदलल्यामुळे जुनी गाणी परत नवी वाटायला लागली असंही.

आज रात्री एक काम कर. 'हॅलो इन देअर' आधी १९७१ चं ऐक आणि लगेच पाठोपाठ २००० चं. पहिल्यात २४ वर्षांचा पोरगा म्हाताऱ्यांबद्दल सांगतोय, छानच सांगतोय, पण लांबून बघून सांगतोय. दुसऱ्यात ५३ वर्षांचा मान कापलेला माणूस तेच शब्द म्हणतोय, श्वास मध्येच तुटतो, वर जायचं तिथे जात नाही, बाजूने निघून जातो. मला विचारशील तर दुसरं लाख पटीने सरस आहे. पहिलं मी परत लावलं नाही, दुसरं चार वेळा लावलं.

२०१३ ला परत, या वेळी फुफ्फुसात. ऑपरेशन झाल्यावर व्यायामवाल्याने त्याला जिना चढउतार करायला लावला, दम लागलेला असतानाच गिटार उचलून दोन गाणी म्हणायला लावली, रोज. सत्तरीच्या घरात आलेला माणूस! आणि २०१८ च्या रेकॉर्डमध्ये शेवटचं गाणं कशावर, तर स्वर्गात गेल्यावर काय काय मजा करणार यावर, त्यात नऊ मैल लांब सिगरेट ओढायची आहे, कारण कॅन्सरने बिचाऱ्याची सिगरेट सुटली होती आणि ती त्याला मरेपर्यंत आठवायची. (बाबांना तंबाखूचं काही असेल तर हे गाणं जपून लाव.) २०२० च्या २५ मार्चला आपल्याकडे लॉकडाऊन लागला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो तिकडे हॉस्पिटलमध्ये. ५ एप्रिलला आपण रात्री नऊला बाल्कनीत दिवे लावले, ऐरोलीतही लावले असतील ना तुम्ही, आणि त्यानंतर दोन दिवसांनी तो गेला, ७३ वर्षांचा. तू पणती लावत होतीस तेव्हा तो जिवंत होता. तुला त्याचं नाव माहीत नव्हतं एवढंच.

मला तुझ्या रडण्याचं मूळ इथे वाटतं. तुला उशीर झाल्याचं दुःख आहे, मी ऐकायला लागले आणि तो नव्हताच, हे वाक्य तू पत्रात कापलेलं धरून तीनदा लिहिलंयस. त्याच्या बाबतीत उशीर झाला, त्याला इलाज नाही. पण गाणी लिहिणारा, चाल लावणारा, स्वतः गाणारा, मानेतला कॅन्सर अंगावर घेऊन परत आलेला दुसरा एक माणूस तुमच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसलाय आणि तू त्याला चहा दिला की इयरफोन घालून आत जातेस. रागावत नाहीये. तुला त्या नव्या आवाजाची भीती वाटते, मला कळतं, प्रत्येक वेळी तो आवाज ऐकला की गाठ आठवते. पण बाबांना काय वाटत असेल? पोरगी आपला आवाज टाळते हे त्यांना दिसत नसेल असं समजू नकोस, पेटीवाल्याचा कान असतो तो.

तर कॅसेटचं आधी. ती लाव, पण एकटीने, आणि बाबांच्या समोर तर अजिबात लावू नकोस, निदान आत्ता. त्यांच्यासमोर त्यांचा १९९८ चा आवाज लावून घरातल्यांनी डोळे पुसायचे म्हणजे माणूस समोर बसलेला असताना त्याच्या फोटोला हार घालण्यासारखं आहे. कॅसेट जुनी झाली की टेपला बुरशी धरते, आपल्याकडच्या दमट हवेत तर धरतेच, त्यामुळे कोणाकडून तरी लवकर मोबाइलमध्ये उतरवून घे आणि ठेवून दे.

'बाबा गा ना' असंही म्हणू नकोस. नाही म्हणतील, आणि एकदा नाही म्हटलं की पुढच्या वेळी हो म्हणणं अजून जड. तू त्यांची वही काढ. वही असणारच, अशा माणसांची वही असतेच, बाजूला चाल आणि पट्टी लिहिलेली. तुझ्या बारशाचं गाणं काढ आणि त्यांना ऐकू जाईल असं स्वयंपाकघरात म्हणायला लाग. चुकीचं म्हण. मुद्दाम चुकीचं, अंतरा तर पार भलतीकडे ने. गाणं करणारा माणूस आजारी असो, रुसलेला असो, कुणाशी बोलत नसो, त्याला स्वतःची चाल चुकलेली सहन होत नाही. माझे सासरे शेवटच्या महिन्यात पाणी मागायलाही तोंड उघडत नसत, पण हरिपाठाला कोणी ओळ चुकलं की खाटेवरून टाळी वाजवून बोट दाखवायचे, 'मागे घ्या'. बाबा आधी नुसतं 'असं नाही' म्हणतील. मग तू म्हण, मग कसं ते सांगा, गाऊ नका, पेटीवर दाखवा. म्हणजे कपाटावरची पेटी खाली येईल, आणि ती कोणी गायला लावलं म्हणून नाही, तुझी चूक सुधारायला येईल. त्यात मान जात नाही.

मग पट्टीचं बघा. वहीत समजा काळी दोन लिहिलेलं असेल तर पांढरी एकवर या, नाही जमलं तर अजून खाली. शब्दांची, चालीची काही हानी होत नाही, आणि हे पेटीवाल्याला मी काय सांगणार, त्यांना माहीतच असणार, फक्त मनाला पटत नसणार. भजनी मंडळांमध्ये कसं असतं तुला माहीत आहे, उंच पट्टी म्हणजे दम, खाली आला म्हणजे संपला. तिथे त्यांना त्या २००० च्या रेकॉर्डचं सांग. इंग्रजी कळायची गरज नाही, दोन्ही पाठोपाठ ऐकव, कान समजून घेईल.

एक व्यावहारिक गोष्ट मात्र पहिली, म्हणजे हे सगळं करायच्या आधी. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना सरळ विचार की गायलं तर चालेल का, किती, आणि स्पीच थेरपिस्टकडे पाठवा म्हणून सांग. पुष्कळदा घरचेच विचारत नाहीत, कारण जीव वाचला हेच एवढं मोठं असतं की आवाजाचं विचारायची लाज वाटते. विचार. रेडिएशननंतर तोंड कोरडं पडतं, मान आणि घसा ताठरतो, लवकर थकवा येतो, तेव्हा पाण्याची बाटली जवळ, पाच मिनिटं, बास. आणि घोगरा आवाज अजून घोगरा व्हायला लागला, गिळताना काही अडकलं, तर गाणं बिणं बाजूला आणि लगेच डॉक्टर.

रात्री दचकून उठतेस त्याचं. याला माझ्याकडे जादू नाही. मीही उठायचे, अजून कधी कधी उठते. खोकला ऐकून तू उठलीस की पडून मोजत बसू नकोस, उठून जा, पाणी दे, दोन मिनिटं बस. ते विचारतील का गं झोपली नाहीस, सांग झोप लागत नाही. तेवढंच. पण हे रोजचं झालं असेल, झोपच तुटली असेल, ऑफिसात छाती धडधडत असेल, तर टेलिमानसला, म्हणजे मनाच्या आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन कर, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्यात काही कमीपणा नाही, बाबांसाठी ३० सिटिंग केलीस, स्वतःसाठी एक फोन कर.

आणि आवाज साठवायचा तर गाण्याचाच साठवायला हवा असं नाही. भावाची माझ्याकडे एकच व्हॉइस नोट राहिलीय, बाकी सगळं फोन बदलताना गेलं. नऊ सेकंदांची. "अगं मी जांभळी नाक्यावर आहे, अळू दोन जुड्या घेऊ की एक, लवकर सांग, हा बंद करतोय." मागे टेम्पोचा हॉर्न. मी त्याला तेव्हा उत्तर दिलं होतं, दोन, आणि तो तीन घेऊन आला होता, कारण ऐकायचं नाही हा त्याचा जन्मजात धंदा. त्या नऊ सेकंदांत जेवढा तो आहे तेवढा त्याच्या लग्नाच्या तीन तासांच्या सीडीत नाही. तेव्हा बाबांना आता फोनवर टाइप करू देऊ नकोस. 'येताना काय आणू' हे त्यांनी बोलून पाठवायचं, घोगरं तर घोगरं. आवाज कसा आहे याबद्दल तू काही बोलू नकोस, 'मेथी आणा' एवढंच उत्तर दे.

आईला माझा नमस्कार सांग. ती बोलली ते तुला लागलं, पण तिलाही दोन माणसं गप्प असलेल्या घरात राहवत नाहीये, तिने तरी कोणावर ओरडायचं.

आणि हो, पेटी वर्षभर उघडलेली नसेल तर भाता चिरलेला असू शकतो, पावसाळ्यात सूरही अडकतात. दुरुस्तीला न्यायची वेळ आली तर एकटी घेऊन जाऊ नकोस, मला त्यातलं कळत नाही, तुम्ही चला म्हण. रिक्षात पेटी त्यांच्याच मांडीवर दे. नाइट शिफ्टचं गाणं मला लिहून पाठव, निदान शेवटचं कडवं, 'नाना म्हणे' वालं. नाना काय म्हणतात ते ऐकायचंय मला.